दर सातव्या दिवशी पोळा

माणसांची नावं मी इथे लिहिणार नाही. त्यांतली बरीच मेली, आणि जी उरली त्यांचे हात अजून चालतात. बैलांचीही नावं लिहीत नाही, रंगावरून ओळखा. एक पांढरा, एक बांडा, म्हणजे दुरंगी. जुवाखाली पांढरा डावीकडे, बांडा उजवीकडे. आमच्या घरात शहाणी म्हणावीत अशी तीच दोघं होती.

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात गोऱ्यांनी आपसात लढाई मांडली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सालांची लोक अजून आरती ओवाळतात. कुणी गाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली, कुणी बैलाच्या शिंगांना सोन्याचा पत्रा मढवला, असं रंगवून सांगतात. चांदीची धाव मी स्वतः पाहिली आहे. ती ज्या रस्त्यावरून फिरली तो रस्ताही पाहिला आहे, आणि त्याबद्दल मात्र कुणी तोंड उघडत नाही.

मी धुरकरी होतो, म्हणजे गाडी हाकणारा. नांदगाव खंडेश्वराच्या अंगाला आमचं गाव. थोरला भाऊ सौदा करायचा आणि मी हाकायचो. कापूस अमरावतीच्या बाजारात न्यायचा, नाहीतर तिथून पुढे अकोल्याला, कारण आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत येऊन टेकली होती. जो आधी पोचेल त्याला भाव, जो मागे राहील त्याने धूळ खावी. त्यामुळे त्या रस्त्यावर माणसाचं जनावर व्हायला वेळ लागत नसे. पुढच्याने वाट दिली नाही की मागचा उतरून त्याच्या बैलाची शेपटी पिळायचा, दातांनी चावायचासुद्धा. आमच्या हातात तुतारी असते, टोकाला खिळा बसवलेली काठी. ती बैलासाठी असते. त्या सालांत ती माणसांच्या मांडीत, पाठीत, एकदा तर एकाच्या डोळ्यातही गेलेली मी पाहिली. एका नाल्याच्या उतारावर दोन धुरकरी आधी कोण उतरणार यावरून भिडले. एकाने दुसऱ्याला ढकललं आणि तो भरल्या गाडीच्या चाकाखाली गेला. मागच्या गाड्या थांबल्या नाहीत. माझीही थांबली नाही, कारण माझ्या मागेही गाड्या होत्या, आणि भाऊ वरून ओरडत होता.

भावाबद्दल वाईट लिहायचं माझ्या मनात नाही. बाप मी रांगत होतो तेव्हा गेला. मला भावानेच खांद्यावर घेऊन वाढवलं, स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात सारलं. पण आमच्या घराण्यात राग हा जमिनीसारखा वाटणीत येतो, आणि दोघांनाही भरपूर आला होता. कापसाच्या भावाने त्याला चढलेली नशा मोहाच्या दारूपेक्षा वाईट होती. रात्री भाकर खातानाही तो उद्याच्या बाजाराशी भांडत असायचा. हसताना मी त्याला त्या दोन सालांत पाहिलं नाही. मीही हसत नव्हतो. आमच्या रस्त्यावर कुणीच हसत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं ते एका हसणाऱ्या माणसामुळे.

तो ख्रिस्ती उपदेशक होता. देशावरचा, ठेंगणा, पोट सुटलेला, भाषा नगराकडची. धुरकरी त्याला पाद्रीबुवा म्हणून चिडवायचे. अमरावतीच्या कापूस बाजारात एका मोडक्या गाडीच्या साटीवर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, उभा राहून तो खंजिरी वाजवायचा, गायचा, आणि मग येशूची गोष्ट सांगायचा. त्या दिवशी भावाचा सौदा फिसकटला होता. गर्दीमुळे आमची गाडी पुढे सरकेना. भाऊ उतरला आणि बुवाच्या तोंडावर त्याने तुतारीचा दांडा मारला. ओठ फाटला, खंजिरी कुठेतरी बैलांच्या पायाखाली गेली. लोकांना बरं वाटलं. कुणीतरी शेणाचा पो उचलून फेकला, तोही नेमका लागला.

बुवा खाली बसला. त्याने तोंड धुतलं, मग फडक्यातली ज्वारीची भाकर काढली, तिच्यावर मिरचीचा ठेचा होता, आणि जेवायला लागला. फाटक्या ओठाला ठेचा लागताच तो असा काही उडाला की बाजूचा बैल बिचकला. आणि मग तो हसायला लागला. रक्त, ठेचा, डोळ्यांत पाणी, आणि पोट धरून हसणं. दुसरा घास घेतला, पुन्हा उडाला, पुन्हा हसला. भाकर मात्र त्याने सोडली नाही.

मार खाऊन रडणारे मी खूप पाहिले होते, मार खाऊन उलटणारे त्याहून जास्त. हा माणूस मार खाऊन जेवत होता आणि त्याला जेवण गोड लागत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. असं काय याच्याजवळ आहे, जे आमच्या गाडीभर कापसात नाही? तो विचार मला गोचिडीसारखा चिकटला.

पुढे तो मला अकोल्याच्या वाटेवर पायी जाताना दिसायचा. भाऊ सोबत नसला की मी त्याला साटीवर बसवून घ्यायचो. तो फुकटचा बसत नसे, गाणी म्हणायचा. चाकाच्या कुरकुरीवर ठेका धरायचा. येशूबद्दल तो जे सांगायचा त्यातलं बरंच माझ्या डोक्यावरून जायचं, पण एक गोष्ट सरळ काळजात शिरली. तो म्हणाला की त्याच्या देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि माणसालाही तसंच सांगितलं. आणि नुसतं माणसाला नाही, त्या आज्ञेत बैलाचाही उल्लेख आहे.

मी गाडी थांबवली. मला वाटलं हा थट्टा करतो आहे. मी त्याला शपथ घालून विचारलं. त्याने पोथी काढून बोट ठेवून दाखवलं. मला तेव्हा वाचता कुठे येत होतं, अक्षरं बुवाने पुढे शिकवली. पण त्या बोटाखालच्या काळ्या रेघेत बैल आहे, एवढं मला पटलं. ज्याने सारं जग केलं त्याला बैलाच्या मानेची आठवण होती! आमच्या मुलखात बैलाचा सण वर्षातून एकदा येतो, तो पोळा. आदल्या सांजेला गरम पाणी, तूप आणि हळद घेऊन बैलाचे खांदे चोळायचे, त्याच्यापुढे हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी त्याला धुवून, रंगवून, झूल घालून मिरवायचं आणि पुरणपोळी चारायची. बैल जेवल्याशिवाय घरात कुणी अन्नाला शिवत नाही. वर्षातून एकच दिवस. आणि हा बुवा सांगत होता की त्याच्याकडे पोळा दर सातव्या दिवशी येतो.

मी ख्रिस्ती झालो तो एवढ्यावर. शिकलेल्यांनी हसायचं तर हसा. कुणाला पापाची भीती वाटून देव सापडतो, कुणाला मरणाची. मला बैलाच्या खांद्यावरून सापडला.

बाप्तिस्म्याच्या ऐतवारी मी माझ्या समजुतीप्रमाणे सगळं केलं. शनिवारी सांजेला जोडीचे खांदे चोळले, आवतन दिलं. सकाळी दोघांना धुतलं, शिंगं हिंगुळाने रंगवली, गळ्यात घागरमाळा, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, आणि वाजतगाजत प्रार्थनेच्या बंगल्यासमोर आणून उभे केले. गोरा पाद्री साहेब बाहेर आला आणि त्याचा चेहरा शिंगांच्या रंगाचा झाला. मी बैलांची पूजा करतो की काय, असं त्याने बुवामार्फत विचारलं. मी सांगितलं की पूजा नाही, आज त्यांचीही सुट्टी आहे, म्हणून तेही आले. बुवा इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. साहेबाला ते कळायला वेळ लागला. शेवटी त्याने बाशिंग तेवढं सोडायला लावलं, पण घागरमाळा राहू दिल्या. पाणी माझ्या डोक्यावर पडलं तेव्हा बाहेर बांड्याने मान हलवली आणि घागऱ्या वाजल्या. तो आवाज आजही कानात आहे.

त्या आधी मला रिकामं बसणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. रिकामा बसला की माणूस आळशी. आता देवाच्या हुकमाने रिकामं बसायचं! ऐतवारी मी नदीत बैलांबरोबर डुंबायचो. बुवाकडे कण्या आणि अंबाडीची भाजी खायचो, बोटं चाटून. पळसाच्या सावलीत उताणा पडून बैल रवंथ करतात ते ऐकायचो. मग गाणी. माझा आवाज फुटक्या डफासारखा, पण देवाला चालतो असं बुवाचं म्हणणं होतं. काही मोठं घडत नव्हतं आणि मी खुशीत होतो. ही खुशी सहा दिवस पुरायची, आणि संपत आली की पुन्हा शनिवार यायचा.

पण एक सांगून टाकतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने माझा राग विझला नाही. तो होता तसाच होता, चुलीतल्या निखाऱ्यासारखा, वर फक्त राख.

मी बंगल्यावर जातो याची भावाला कुणकुण होती, बाटलो हे माहीत नव्हतं, कारण बहुतेक ऐतवारी तो सौद्यापायी बाहेरगावी असायचा. ते कळलं मूर्तिजापूरच्या अलीकडे. गाडी कापसाने गच्च भरलेली, अकोला टप्प्यात, आणि ऐतवार उजाडला. मी गाडी कडेला घेतली, जू उतरवलं आणि बैल सोडले. भाऊ कापसावर झोपला होता, तो खाली उतरला.

"काहून सोडले बे बैल?"

"आज आयतवार हाय. त्यायले सुट्टी हाय."

"सुट्टी? तुया बापानं देल्ली का?"

"हो," मी म्हणालो. "बापानंच देल्ली."

मग त्याला सगळं समजलं. त्याने जुवाची शिवळ उपसली. शिवळ म्हणजे बैलाची मान जागेवर ठेवणारा लाकडी खुंट, हातभर लांब, घट्ट लाकडाचा. पहिला घाव माझ्या कानावर बसला, दुसरा मी हातावर झेलला आणि बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो मारत होता आणि ओरडत होता की बापाचं नाव बुडवलं, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. शेजारून गाड्या जात होत्या. कुणी थांबलं नाही, कारण कापूस कुणासाठी थांबत नव्हता.

मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच आणि दुप्पट ताकदीचा. धरला असता तर कोंबडीसारखा पिळला असता. मी स्वतःचाच दंड दातांत धरला आणि चावत राहिलो, रक्त येईस्तोवर. ते माझं चांगुलपण नव्हतं. एकदा सुरू केलं तर मी थांबणार नाही हे मला माहीत होतं, एवढंच. तो दमला तेव्हा गाडीला टेकून बसला आणि धापा टाकत रडला. मग त्याने बैल जुंपले आणि मला तिथेच टाकून गेला.

वाटणी झाली. जमीन तर बाटल्यामुळे गेलीच. पंचांचं म्हणणं पडलं की जोडी एकाने ठेवावी आणि दुसऱ्याला दुसरं काही द्यावं, बैलांची जोडी कुणी फोडतं का? भाऊ म्हणाला, "फोडा. एक त्याले, एक मले." शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारला. जन्मापासून एका जुवाखाली चाललेले बैल तोडणं म्हणजे दोघांना अर्धं मारणं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. भावालाही कळत होतं. म्हणूनच त्याने ते केलं. पांढरा त्याच्याकडे राहिला आणि बांडा माझ्या हाती आला.

मी अमरावतीला बुवाच्या शेजारी झोपडी घातली. एका बैलाचा छकडा केला आणि माळ्यांची वांगी, मेथी, झेंडूची फुलं बाजारात नेऊन टाकायला लागलो. विहिरीवर पाणी भरायला गेलो तर लोकांनी घागर फोडली आणि तिच्याच खापराने माझं कपाळ फोडलं. बाटगा म्हणत, थुंकत. एकदा चौघांनी मिळून मला शेणाच्या उकिरड्यात तुडवलं. घरी येऊन मी ठेचा-भाकर खाल्ली, फुटक्या ओठाला झोंबली, आणि मला बुवाचं बाजारातलं उडणं आठवून हसू फुटलं. तेव्हा कळलं की आपल्याजवळही ती गोष्ट आली आहे.

बांड्याजवळ मात्र नव्हती. तो रस्त्याच्या उजव्या अंगानेच चालायचा, डावीकडे बरोबर एका बैलाची जागा सोडून. गोठ्यात तसाच बसायचा. ऐतवारी खांदे चोळून, आवतन देऊन पुरणपोळी पुढे ठेवली तर अर्धी खायचा आणि अर्धी डावीकडे राहू द्यायचा. माझा सगळा आनंद तिथे येऊन अडायचा. मला जमीन नको होती, घर नको होतं. ती जोडी पुन्हा शेजारी उभी दिसावी आणि भावाने एकदा मला जेवायला बोलवावं, एवढीच माझी मागणी होती, आणि देवाकडे मी ती रोज, भांडून, करत होतो. बुवा म्हणायचा, "दादा, प्रार्थना अशी करतोस की सावकारच वसुलीला आलाय."

पांढऱ्याच्या बातम्या धुरकऱ्यांकडून यायच्या. भावाने तेल्हाऱ्याच्या बाजूचा एक आडदांड बैल आणून त्याच्या जोडीला लावला होता. दोघांची उंची जुळेना, जू एका बाजूला कलायचं, सगळा भार पांढऱ्यावर. उन्हाळाभर कापूस ओढला, पाऊस लागल्यावर त्याच मानेने पिकातली डवरणी, तण काढायचं औत ओढणं. खांदा सोलला, मग सडला. कुणी म्हणालं किडे पडलेत. त्या सांजेला मी झोपडीची कुडाची भिंत लाथांनी पाडली. बुवाने ती पुन्हा बांधायला मला मदत केली.

श्रावण सरत आला. त्या साली पोळा नेमका ऐतवारी आला. गावाचा पोळा आणि माझा पोळा एकाच दिवशी. मी ठरवलं की गावात जायचं. पोळ्याच्या दिवशी दुसऱ्याच्या बैलाच्या अंगावरून हात फिरवायला कुणी कुणाला मना करत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. गावात पाय ठेवला तर तोडीन, असं भावाने सांगून ठेवलं होतं. बुवा नको नको म्हणाला, आणि मग स्वतःच सोबत निघाला.

गावाच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरण बांधलं होतं. त्याखाली सगळ्या जोड्या उभ्या होत्या, ढोल वाजत होते, आणि आधी कुणाची जोडी निघणार या मानावरून नेहमीप्रमाणे दोन घरांत बाचाबाची चालू होती. मी बांड्याला घेऊन तोरणाच्या बाहेर, वाटेवर उभा राहिलो. भाऊ दिसला. दारू प्यालेला. हातात बैलाचा कासरा आणि कमरेला कुऱ्हाड. पांढऱ्याच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या आणि पाठीवर नवी मखमली झूल. झूल पाठीवर असते. ही पार मानेपर्यंत ओढून घेतली होती, आणि का ते मला दुरूनच समजलं.

मी काही केलं नाही. बांड्याने हंबरडा फोडला. बैल असा ओरडतो हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पांढऱ्याने मान वर केली, कासरा हिसडला आणि गर्दीत घुसला. माणसं पडली, एका म्हाताऱ्याचा पाय तुडवला गेला, तोरण तुटलं. झूल कुणाच्या तरी पायात अडकून खाली आली आणि सगळ्या गावाने तो खांदा पाहिला. मुठीएवढी जागा, लाल आणि पिवळी, माशांनी भरलेली. ढोल थांबले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जखम दिसणं म्हणजे वऱ्हाडी माणसाला भर बाजारात नागवं होणं. कुणीतरी थू म्हणालं. मग दुसरं कुणीतरी म्हणालं.

पांढरा माझ्याजवळ आला, बांड्याच्या डाव्या अंगाला, आणि स्वतःच्या जागेवर उभा राहिला. बांडा त्याचा खांदा चाटायला लागला.

भाऊ कुऱ्हाड घेऊन धावला. माझ्यावर नाही, पांढऱ्यावर. त्याची सगळी लाज त्या बैलाच्या अंगावर उघडी पडली होती आणि त्याला ती पुसून टाकायची होती. मी मधे गेलो. कुऱ्हाड माझ्या उजव्या खांद्यात बसली. हाडाला लागून ती अडकली आणि त्याच्या हातून सुटली. मी ती डाव्या हाताने उपसली, आणि तेव्हा एवढ्या महिन्यांची राख उडाली. मी त्याला लाथेने पाडलं. छातीवर गुडघा ठेवला. त्याच्या नाकातून रक्त आलं, दात ओठात घुसले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. बोटं मोडल्याचं, जोडी फोडल्याचं, त्या सडलेल्या खांद्याचं सगळं देणं माझ्या हातात आलं होतं. मी कुऱ्हाड उचलली. बुवा मागून ओरडत होता, काय ते मला ऐकू आलं नाही.

भावाने डोळे मिटले नव्हते. तो माझ्याकडे बघत होता आणि वाट पाहत होता. त्याला वाटत होतं की हे बरोबर आहे.

त्या क्षणी माझ्यामागे घागऱ्या वाजल्या. बैलांनी माशा वारायला माना हलवल्या असतील, दुसरं काय. पण मला बंगल्यासमोरची सकाळ आठवली आणि आज ऐतवार आहे हे आठवलं. क्षमा, प्रेम, शत्रू, यातलं काही मला त्या वेळी आठवलं नाही. एवढंच आठवलं की आज काम करायचं नाही. आणि भावाला मारणं हे काम होतं. मोठं काम होतं.

"उद्या मारीन तुले," मी म्हणालो. "आज मले सुट्टी हाय."

कुऱ्हाड मी तोरणापलीकडे फेकली. मागे कुणीतरी हसलं, घाबरून. मी उठलो आणि दोन्ही बैल घेऊन चालायला लागलो. पांढरा कुणाचा, हे विचारायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही. आखराच्या पुढे नाल्यापाशी एक कडुनिंब होता, तिथे पोचल्यावर मी पडलो. बुवाने आपलं पागोटं फाडून माझा खांदा बांधला. माझ्या अंगात ताप चढला आणि तो उशाशी बसून गात राहिला.

सकाळी डोळे उघडले तर बुवा उभा होता, हातात काठी. कुणावर काठी धरताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. समोर भाऊ होता. तोंड सुजलेलं. हातात कुऱ्हाड नव्हती, पाण्याची वाफाळती घागर होती आणि काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"काल म्हनला होता, उद्या मारीन म्हनून," तो म्हणाला. "आलो."

त्याने घागर खाली ठेवून फडकं सोडलं. त्यात तूप होतं आणि हळद. तो पांढऱ्याजवळ बसला. गरम पाण्याने जखम धुतली, काडीने एकेक किडा काढला, कडुनिंबाचा पाला वाटून भरला. पांढरा थरथरत होता पण हलला नाही. मग भावाने बांड्याचा खांदा चोळला, तूप-हळद लावून, बापाने शिकवलं होतं तसं, वरून खाली, अंगठ्याने. आदल्या साली या वेळी त्याला बाजाराची घाई होती, तेव्हा त्याने दोन्ही बैलांना नुसता पाण्याचा हात लावला होता. आता त्याला घाई नव्हती.

मग तो माझ्याजवळ आला. बुवाने काठी खाली ठेवली. भावाने पागोट्याची पट्टी सोडली आणि आपण काय केलं आहे ते पाहिलं. जखमेच्या भोवती त्याने तूप-हळद लावली. अंगठा तसाच फिरत होता, वरून खाली. त्याच्या नाकातून अजून रक्त ठिबकत होतं, ते माझ्या छातीवर पडत होतं. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून मी पोळा पाहिला होता.

त्याने हात जोडले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. बैलाशी बोलावं तसं, जमिनीकडे बघत म्हणाला,

"आज आवतन घे, लहान्या. उद्या जेवाले ये."

मी गेलो. घरात घ्यायची त्याची टाप नव्हती, पंच टपलेले होते. वहिनीने गोठ्यात शेणाने सारवून पान मांडलं, एका बाजूला पांढरा, एका बाजूला बांडा, मधे मी. पुरणपोळी, वर तूप. उजवा हात उचलवत नव्हता म्हणून डाव्या हाताने खाल्ली, आणि मनातल्या मनात मी देवाला म्हटलं की वसुली झाली. तापाने ओठ फुटले होते, तरी मी दुसरी मागितली, तिसरीही मागितली, भावाकडे बघत. तो दारात उकिडवा बसला होता. पोळ्याला बैल जेवल्याशिवाय घरचा माणूस जेवत नाही, आणि माझं पोट भरेपर्यंत त्यानेही पाण्याचा घोट घेतला नाही.